गांजा जळतो, गाडी गंजते

वडवणीच्या फाट्यावर कुणी हात केला की ट्रकवाला गाडी थांबवतो. चढणाऱ्याची पिशवी कोण तपासतो? समजा, पुढं नाकाबंदीत तिच्यात गांजा निघाला. सवारी आत, माल जप्त आणि ट्रकही जप्त.

पुढची गंमत बघा. खटला संपायच्या आधीच नमुने काढून गांजा नष्ट करायची सोय कायद्यात आहे. आरोपीला जामीन मिळू शकतो. फायनान्सचा हप्ता तर रविवारीही थांबत नाही. ठाण्याच्या आवारात बसून राहतो तो ट्रक. टायर बसलेले, बॅटरी फरार. जणू चिलीम त्यानंच ओढली होती!

जप्त गाड्या ठाण्यात सडवू नका. फोटो, पंचनामा, बंधपत्र घेऊन सोडा, असं सुप्रीम कोर्टानं २००२ सालीच सांगितलं. पण एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं नाव निघालं की अनेक कोर्टांचा हात आखडायचा. अखेर ७ जानेवारी २०२५ ला आसामातल्या एका ट्रकमालकाला सुप्रीम कोर्टात न्याय मिळाला. त्याच्या ट्रकमधल्या प्रवाशाकडं साबणाच्या डब्यांत २४.८ ग्रॅम हेरॉइन सापडलं होतं. कोर्टानं विचारलं, हेच खासगी विमानातल्या प्रवाशाकडं सापडलं असतं, तर विमान खटला संपेपर्यंत अडकवणार का? (विमानाला तसंही ठाण्याचं आवार पुरत नाही.)

त्याच निकालात एक मेख आहे. माल गाडी चोरणाऱ्याकडं किंवा परक्या प्रवाशाकडं सापडला तर गाडी सहसा सुटते. मालकाकडं किंवा त्याच्या ड्रायव्हर-क्लीनरकडं सापडला तर सहसा नाही. आता ऊसतोडीच्या हंगामात गाडी कर्नाटकात आणि मालक वडवणीत. त्यानं काय ड्रायव्हरच्या सीटखाली झोपायचं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात कोर्ट आणखी पुढं सरकलं. लोखंडी पत्रे नेणारी लॉरी, सहा किलो गांजा, मालक मात्र आरोपी नाही. गाडी सोडली आणि जप्त मालाच्या विल्हेवाटीच्या २०२२ च्या नियमांमुळे गाडी सोडण्याचा विशेष न्यायालयाचा अधिकार जात नाही, हेही सांगितलं.

तेव्हा गाडीमालकांनो, साहेबांच्या केबिनबाहेर चहा पाजत बसू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३ खाली विशेष न्यायालयात सुपूर्तनाम्यासाठी अर्ज टाका, सोबत आसामच्या ट्रकचा ‘बिश्वजित डे विरुद्ध आसाम राज्य’ हा निकाल जोडा. आणि तो पहिल्याच आठवड्यात टाका.