खाप्यात अठराचं व्हायचं असेल तर

शनिवारी पुतणी नागपूरहून खाप्याला आली की आमच्या घरात कोरियन सुरू होतं. ती मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते. समोर माझी बायको, मोठ्या वहिनी आणि आई बसतात. पडद्याच्या तळाशी इंग्रजी ओळी येतात. पुतणी त्या भराभर वाचते आणि गावच्या भाषेत सांगत जाते. त्यामुळे सोलमधला सुटाबुटातला नायक आमच्याकडे "मी काय म्हनून राहिलो, मले अजून एक चान्स दे ना वो," असं बोलतो. मूळ संवाद याहून बरा असेल असं मला वाटत नाही.

सध्याची मालिका 'एटीन अगेन'. २०२० सालची, सोळा भागांची. तिचं बी अमेरिकेतलं. २००९ साली 'सेव्हन्टीन अगेन' नावाचा सिनेमा आला होता, त्याचं हे कोरियन पीक. सिनेमातला नायक सतराचा होतो, मालिकेतला अठराचा. होंग दे-योंग हा सदतिशीतला गृहस्थ. शाळेत बास्केटबॉलचा हिरा होता. पण बारावीच्या वयातच प्रेम केलं, जुळी मुलं झाली, बास्केटबॉल सुटला आणि हाती वॉशिंग मशीन दुरुस्तीचा पाना आला. नोकरी धड नाही, बायको घटस्फोटाचे कागद घेऊन उभी, मुलं याच्याकडे पाहत नाहीत. एका रात्री तो जुन्या शाळेच्या मैदानात चेंडू फेकतो आणि अंगाने अठराचा होतो. मग नाव बदलून स्वतःच्याच मुलांच्या वर्गात जाऊन बसतो.

इथे वहिनी हळहळल्या, बायकोने उसासा टाकला आणि आईने विचारलं, "मंग घरी आता पगार कोन आनते?"

हा प्रश्न आमच्यात दुसऱ्या कोणालाच पडला नव्हता.

तरुण होण्याची गोष्ट आईला नवी नाही. तिला च्यवन ऋषी माहीत आहेत. म्हाताऱ्या च्यवनाला अश्विनीकुमारांनी पाण्यात बुडी मारायला लावली आणि तिघे जण सारखेच देखणे होऊन वर आले. यातला नवरा ओळख, असं सुकन्येला सांगितलं. तिने बरोबर ओळखला. "त्या बाईनं एका झटक्यात ओळखला," आई म्हणाली, "अन् हे कोरियातली सोळा भाग काय करून राहिली?" ययातीही तिला पाठ आहे. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झाला, मग मुलांकडे तारुण्य मागत फिरला. चौघांनी नाही म्हटलं, धाकट्या पुरूने दिलं. वि. स. खांडेकरांनी यावर १९५९ साली कादंबरी लिहिली आणि पुढे तिच्यासाठी ज्ञानपीठ मिळवलं. माझ्या मुलाकडे मी तारुण्य मागायचं ठरवलं तर आधी त्याला कानातली इअरफोनची बोंडं काढ म्हणावं लागेल, आणि मग तो म्हणेल, "बाबा, चार्जर सोडून काहीबी मागा."

मराठी माणसाला यात अशक्य असं काही वाटू नये. १८८८ साली जन्मलेले बालगंधर्व पन्नाशी उलटली तरी पदर सावरून रुक्मिणी होऊन रंगभूमीवर येत, आणि समोरचं थिएटर खुशाल मान्य करत असे. कोरियनांना तेवढ्यासाठी जादू करावी लागते.

पण प्रश्न मालिकेचा नाही, खाप्याचा आहे. समजा, मी उद्या सकाळी उठलो आणि अठराचा झालो, तर? सोलमध्ये लाखो माणसांत एक नवा पोरगा खपून जातो. खापा हे कन्हान नदीच्या काठचं विणकरांचं गाव. बाबा सांगायचे, आमच्या मोहल्ल्यात नुसती मागाची खटखट ऐकून धोटा कोण फेकतोय ते कळायचं. जिथे आवाजावरून माणूस ओळखतात, तिथे चेहरा घेऊन मी कुठे लपणार?

बसस्टँडपाशी दोन पावलं टाकली की पानठेल्यावरून हाक येईल.

"कोनाचा गा तू?"

"पाहुना आहो."

"कोनाकडचा पाहुना?"

मी काहीतरी नाव सांगेन. ठेलेवाला कात लावता लावता मान वर करेल, माझ्याकडे बघेल आणि चुना पुसत म्हणेल, "नाक तं त्या कोपऱ्यावरच्या घराचं दिसते. चालबी तशीच, डावा पाय फेकत. तुह्या आजाले ओळखतो मी." मालिकेतल्या नायकाचा एक जिवलग मित्र आहे. तो त्याचा बाप बनून शाळेत नाव घालून देतो आणि गुपित पोटात ठेवतो. माझाही जिवलग मित्र आहे. त्याला मी सकाळी आठला सांगितलं तर साडेआठला गुमगावच्या मॅंगनीज खाणीच्या पहिल्या पाळीपर्यंत बातमी पोचलेली असेल, तीही वाढून. मी अठराचा नाही, आठचा झालो म्हणून.

शिवाय अठराचं होणं म्हणजे पुन्हा बारावी. नायकाला पुन्हा बास्केटबॉल मिळतो. मला पुन्हा ऑरगॅनिक केमिस्ट्री मिळणार, वर सीईटी आणि नीट, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप तोंडाला लावायच्या आधी "किती टक्क्याची अपेक्षा आहे?" विचारणार. एवढं सोसून तारुण्य घ्यायचं तर त्यापेक्षा गुडघेदुखी परवडली. तिला निदान कोणी मार्क विचारत नाही.

मालिकेतली बाई मात्र मला आवडली. दे-योंगची बायको, जोंग दा-जोंग. तिशीच्या शेवटी, दोन घोड्याएवढ्या पोरांची आई असताना ती टीव्हीवर बातम्या देण्याच्या नोकरीसाठी उमेदवारी करते. नवरा नवरा म्हणून घरात होता तोवर त्याला यातलं काही दिसलं नाही. परका पोरगा होऊन समोर बसला, तेव्हा तिचं बोलणं त्याच्या कानात शिरलं. जादू इथे आहे, बास्केटबॉल नुसता बहाणा. मी हे माझं रसग्रहण बायकोला ऐकवलं. तिने मोबाईलवरची नजर न काढता म्हटलं, "बायकोचं आयकाले अठराचं कायले व्हा लागते? टीव्ही बंद केला तरी होते." मी तेव्हा क्रिकेट पाहत होतो. आवाज कमी केला.

बरं, कोरियाला तरुण व्हायची एवढी हौस की त्यांनी ती कायद्यानेही भागवून घेतली. त्यांच्याकडे पूर्वापार पद्धत अशी की मूल जन्मतःच एक वर्षाचं धरायचं आणि दर एक जानेवारीला सगळ्या देशाचं वय एकदम एकाने वाढवायचं. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! २८ जून २०२३ पासून तिथल्या कायद्याने हा हिशोब मोडला आणि सरकारी कामात जगासारखं वय मोजायचं ठरवलं. पाच कोटींवर माणसं कागदावर एका झटक्यात एक-दोन वर्षांनी लहान झाली. अश्विनीकुमारांना एवढी मोठी तुकडी कधी झेपली नसती.

आपल्याकडे हे काम शाळामास्तर करत. आमच्या वडीलधाऱ्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला, नाहीतर एक जुलैला. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोरगं पहिलीत. जन्म विचारला तर माय सांगायची, "कन्हानले मोठा पूर आला होता ना, त्याच्या मांगच्या दिवाळीत." मास्तर पुराची तारीख शोधत बसत नसत. बाबांच्या दाखल्यावर तेच, एक जून. पुढे आधारवाले आले. त्यांनी नुसतं साल विचारून उरलेल्यांना एक जानेवारी चिकटवून टाकली.

म्हणून खाप्यात माणसाचं वय एक नसतं. आईने सांगितलेलं एक, दाखल्यावरचं दुसरं, आधारवरचं तिसरं, आणि लग्न जमवताना सांगितलेलं चौथं, ते आता कोणालाच आठवत नाही. यातलं कोणतं बाहेर काढायचं ते समोरच्या खिडकीवर ठरतं. श्रावणबाळ योजनेला पासष्ट पूर्ण लागतात. लाडक्या बहिणीला एकवीस ते पासष्टमध्येच राहावं लागतं, तर महिन्याला १५०० रुपये. एसटीत पासष्टला अर्धं तिकीट. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तर ओलांडली की प्रवास फुकट. मार्च २०२३ पासून बायांना कोणत्याही वयात अर्धं तिकीट, त्यामुळे त्यांना पासष्टचं काही कौतुक उरलं नाही. आता नजर थेट पंच्याहत्तरवर. एकाच बाईला सकाळी बँकेत चौसष्ट आणि दुपारी एसटीत पंच्याहत्तर व्हायचं असतं. आणि या भानगडीत अठराचं कोणालाच व्हायचं नसतं, कारण अठराला बाप्यांना पूर्ण तिकीट आणि बायांना लाडकीचे पैसे नाहीत.

मागे खाप्याहून सावनेरला निघालो होतो. एसटी बाजाराच्या दिवसाची, म्हणजे माणसं, पिशव्या आणि एक कोंबडी. माझ्या पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या. कंडक्टर आला. खिडकीकडच्या आजीने पैसे न काढता नुसती मान डोलावली.

"आजी, पंच्याहत्तर झाले का?"

"कवाचेच."

"आधार दाखवा."

लुगड्याच्या ओच्यातून प्लास्टिकची पिशवी निघाली, तिच्यातून दुसरी पिशवी, तिच्यातून तंबाखूची डबी बाजूला सारून आधार. कंडक्टरने बोटावर हिशोब केला. "एकाहत्तर."

"त्या आधारवाल्यानं लहान केलं मले."

"मंग खुश व्हा ना आजी. लोक तरुन व्हाले पैसे देते."

"तरुन होऊन काय करू? तिकीट लागते ना!"

तेवढ्यात शेजारची सरसावली. "तुह्यं तं बरं आहे व. मले सदुसष्ट लिवून ठेवलं. आता लाडकी बहीन नाई होत मी. खरं तं मी तुह्याहून कितीतरी लहान."

पहिलीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग स्वतःच्या आधारकडे. मनात काहीतरी बेरीज झाली असावी. "असं कर," ती म्हणाली, "तुही चार वर्सं मले दे. मी पंच्याहत्तर, तू त्रेसष्ट. दोघीचं भागते."

"देतो ना. कोनाचं काय जाते?"

दोघींनी कंडक्टरकडे पाहिलं. त्याने मशीनमधून अर्ध्या तिकिटाची चिठ्ठी फाडली आणि आजीच्या हातात दिली. "अदलाबदल सावनेरले, तहसीलमधी," तो म्हणाला. "इथं फक्त तिकीट. कोंबडी कोनाची आहे?"