थकलेला पगार : प्राथमिक परिचय

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यावा, असे भारतीय कायदा सांगतो. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने हजारापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनांना 7 आणि मोठ्यांना 10 तारीख दिली होती. 2019 च्या वेतन संहितेने सगळ्यांनाच 7 तारखेवर आणले. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाली. वेळेवर देण्याचा कायदा सहा वर्षे उशिरा आला, यात विरोधाभास शोधू नये. कामगाराने नोकरी सोडली किंवा त्याला काढून टाकले, तर कामाच्या दोन दिवसांत सगळा हिशेब चुकता करायचा असतो. मालकवर्गात या तारखांबद्दल आदर आहे. त्या दिवशी शेठ सहसा बाहेरगावी असतात.

पगार एकदम थकत नाही. आधी तो निम्मा येतो, मग ‘ॲडव्हान्स’ या नावाने तुकड्यातुकड्याने येतो, म्हणजे कामगाराला त्याचाच पैसा उसना मिळतो. पुढे ‘वरून पेमेंट अडकलंय’, ‘बिल पास झालं की’, ‘दिवाळीआधी नक्की’ अशा पायऱ्या लागतात. दावा करण्याची मुदत जुन्या कायद्यात 12 महिने होती, संहितेने ती तीन वर्षे केली आहे. त्यामुळे मुदत संपेपर्यंत कामगाराला झुलवत ठेवायचे तर मालकाला आता तिप्पट आश्वासने द्यावी लागतील. हा बोजा लहान उद्योगांना पेलेल का, याचा विचार संसदेने केलेला दिसत नाही.

थकलेला माणूस प्रथम पोलीस चौकीत जातो. तिथे त्याला ‘हे दिवाणी मॅटर आहे’ असे सांगून परत पाठवतात आणि बहुतेक वेळा ते खरेच असते. अपवाद भविष्यनिर्वाह निधीचा. पगारातून पीएफ कापला आणि भरलाच नाही, तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो. ही माहिती चौकीच्या भिंतीवर लावलेली नसते.

खरे ठिकाण कामगार आयुक्तांचे कार्यालय, बोलीभाषेत लेबर ऑफिस. तिथे अर्ज कामगार स्वतः, त्याची नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षक यांपैकी कोणीही करू शकतो. निरीक्षकाला नव्या संहितेने मालकाला कायदा समजावून देण्याचेही काम दिले आहे, त्यामुळे दंडुका आणि गुलदस्ता एकाच हातात आले. दाव्याचा निर्णय राजपत्रित दर्जाचा अधिकारी देतो. मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा त्याला अधिकार आहे आणि तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असेही कायद्यात आहे. प्रयत्न केला नाही, असे कोणत्याही कार्यालयाबद्दल म्हणता येणार नाही. पहिल्या बैठकीला मालकाच्या वतीने ज्याला काहीही ठरवण्याचा अधिकार नाही असा गृहस्थ येतो. ‘साहेबांना विचारून सांगतो’ एवढे बोलून तो पुढची तारीख घेतो. पुढच्या तारखेला दुसरा गृहस्थ येतो. त्याला पहिल्याने काय विचारायचे ठरवले होते ते माहीत नसते.

यानंतर प्रकरणाचा गाभा येतो. ‘पगार दिला’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे, कामगारावर नाही. कामगाराच्या बाजूने इतकी स्पष्ट तरतूद क्वचितच सापडेल. म्हणून अनुभवी मालक ‘दिला’ असे म्हणतच नाही. तो म्हणतो, ‘हा आमचा माणूसच नव्हे.’ एका वाक्यात पैशाचा प्रश्न ओळखीचा होतो आणि सिद्ध करण्याचे ओझे टेबलाच्या पलीकडून अलीकडे येते. दहा वर्षे लेथ चालवलेल्या माणसाला आपण त्या गाळ्यात होतो हे पटवून द्यावे लागते.

पुरावा असायला हवा तो मालकाच्या कपाटात. हजेरीचे मस्टर, पगारपत्रक, पगाराची पावती देणे हे सगळे सक्तीचे आहे. नोंदी ठेवल्या नाहीत तर दंड 10,000 रुपयांपर्यंत. नोंदी ठेवल्या तर सगळा थकलेला पगार द्यावा लागतो. कोणता पर्याय स्वस्त, हे सांगायला सनदी लेखापाल लागत नाही.

मग कामगार आपली पिशवी उपडी करतो. त्यातून गेटपास निघतो, लॅमिनेशन सुटलेला. कंपनीचे नाव असलेला टी-शर्ट निघतो. ‘उद्या लवकर ये, माल जायचाय’ हा मुकादमाचा व्हॉट्सॲप मेसेज आणि पासबुकातल्या दोन-चार नोंदी निघतात. आणि निघतो खंडेनवमीच्या पूजेचा फोटो : झेंडूच्या माळा घातलेली मशीन, मध्ये शाल पांघरलेले शेठ, आणि त्यांच्या डाव्या खांद्यामागे पेढ्याचा बॉक्स धरलेला अर्जदार. यावर मालकाचा खुलासा असतो की पूजेला शेजारपाजारचे लोकही येतात. असे फोटो, मेसेज आणि पासबुकाच्या नोंदी जपून ठेवाव्यात, सहकाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत आणि कोऱ्या व्हाउचरवर सही करू नये, हा व्यावहारिक सल्ला कोणताही वकील देतो. कामगाराला तो सही केल्यानंतर मिळतो. ठेकेदाराचा माणूस असेल तर गोष्ट जरा बरी. ठेकेदाराने पगार दिला नाही तर ज्याचे काम केले त्या मूळ मालकावर जबाबदारी येते. हे कळताच मूळ मालकाला तो ठेकेदारही आठवेनासा होतो.

नाते नाकारण्याचा मालकाला दुसरा लाभ कामगार न्यायालयात होतो. थकबाकीचा आकडा काढून मागण्याचा सोपा अर्ज तिथे करता येतो, पण हक्क आधीच मान्य असेल तरच. दिल्ली महापालिका विरुद्ध गणेश रजक या 1994 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. हक्कच वादात असेल तर आधी तो वाद वेगळा सोडवून यायचे.

वकिलाचा खर्च हे न जाण्याचे नेहमीचे कारण, आणि ते पुष्कळदा गैरसमजावर उभे असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही नाही. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करायचा, दूरध्वनी 15100. मात्र कामगार न्यायालयात वकील उभा करायचा तर 1947 पासूनच्या नियमाप्रमाणे समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागते. मालकाच्या कंपनीचा अधिकारी वकिलीची पदवी घेतलेला असेल, तर तो अधिकारी म्हणून येतो आणि वकील म्हणून बोलतो.

लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. पाच महिन्यांचे तीन महिन्यांवर तुटते आणि दोन्ही पक्षांचे समाधान झाल्याची नोंद होते.

निकाल कामगाराच्या बाजूने लागणे म्हणजे पैसे मिळणे नव्हे. मालकाने रक्कम भरली नाही तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची असते. तहसील कार्यालय मतदारयाद्या, पीकपाहणी आणि पंचनामे यांतून वेळ काढून जप्तीला जाते, तेव्हा गाळा भाड्याचा, मशीन बँकेकडे गहाण आणि गाडी मेहुण्याच्या नावावर असते. पगार कमी दिल्याबद्दलचा दंड पहिल्या वेळी 50,000 रुपयांपर्यंत आहे, आणि कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून तो गुन्हा मिटवताही येतो.

कंपनी बुडाली तर 2016 ची दिवाळखोरी संहिता आहे. तिथे जायला 2020 पासून किमान 1 कोटी रुपये थकलेले लागतात. महिना 20,000 पगाराच्या माणसाने एकट्याने जायचे तर 500 महिन्यांचा, म्हणजे 41 वर्षे 8 महिन्यांचा पगार थकायला हवा. तोवर निवृत्तीचे वयही होते. युनियनला सगळ्यांच्या वतीने अर्ज करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले आहे. मालमत्ता विकली गेली तर कामगारांचा शेवटच्या 24 महिन्यांचा पगार तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरला जातो. इतर कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा, तोही त्यांच्या मागून. मुंबईच्या जेट एअरवेजचे शेवटचे विमान 17 एप्रिल 2019 ला उडाले. कंपनी गुंडाळण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2024 ला दिला, आणि पगाराचे दावे तोवर रांगेतच होते.

अर्जदार मध्येच वारला तरी हक्क बुडत नाही. त्याने कोणाला नामनिर्देशित केले असेल तर रक्कम त्या व्यक्तीला मिळते. नामनिर्देशनाचा फॉर्म अर्थातच मालकाच्या कपाटात असतो. तो सापडला नाही तर वारसांना वारस दाखला आणावा लागतो. महाराष्ट्रात तो 1827 च्या मुंबई रेग्युलेशन आठनुसार दिवाणी न्यायालयातून मिळतो, आणि त्याची कार्यपद्धती वेगळी आहे.