तिसऱ्या पायरीवरचे काका

कोतवालाचा फोटो काकांना दाखवायचा नाही, हा आमच्या पक्षीवेड्या टोळक्याचा अलिखित नियम आहे. खंड्या दाखवा, मोर दाखवा, "छान, छान" म्हणून ते चहाकडे वळतात. पण पक्षी काळा निघाला की काका वरच्या खिशातला चष्मा काढतात, तुमच्या कॅमेऱ्याचा पडदा नाकाला लावतात आणि विचारतात, "पिसं कुठायत?"

"काका, अख्खा पक्षी आहे की! शेपटीची दोन टोकं बघा कशी आलीत."

"टोकं आली. मी पिसं विचारतोय."

"ते सिल्हूट आहे. मुद्दाम काढलंय."

"सिल्हूट म्हणजे फसलेल्या एक्स्पोजरचं थाटात केलेलं बारसं," एवढं बोलून ते कॅमेरा परत देतात. पण तेवढ्यावर सोडतील तर ते काका कसले! "चल, ऊन अजून कोवळं आहे," म्हणत ते तुम्हाला दंडाला धरून पुन्हा त्याच झाडाखाली घेऊन जातात.

असे एक काका बहुतेक गावांत असतात. आमचे काका बँकेतून निवृत्त झालेले. फंडाच्या पैशांत काकूंना युरोप बघायचा होता. घरी आली ती १५०-६०० मिलिमीटरची लेन्स. काकू पाहुण्यांना ती दाखवताना "हे आमचं स्वित्झर्लंड" अशी ओळख करून देतात. काका बँकेतून निवृत्त झाले, त्यांची जमाखर्चाची भाषा मात्र झाली नाही. "कसे आहात?" असं विचारलं तर उत्तर येतं, "उणे एक तृतीयांश. गुडघा."

"कॅमेरा मूळचा बावळट असतो," हे त्यांच्या शिकवणीचं पहिलं वाक्य. त्यातल्या मीटरला काळं-पांढरं कळत नाही. समोर येईल ते मध्यम करडं, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं, असं धरूनच तो चालतो. बगळा फ्रेम भरून उभा राहिला की तो त्याला मळवतो आणि कावळा उभा राहिला की त्याला राख फासतो. म्हणून कावळ्याला उणे, म्हणजे एक्स्पोजर कमी. इथून काका थेट अमेरिकेत पोहोचतात. १९४० च्या सुमारास ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी मिट्ट काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या आखल्या. पाचवी पायरी मधली करडी. तिसरी म्हणजे काळीच, पण पोत दिसेल इतपत काळी. "शून्यावर पक्षी मेला, पाचवीवर भुरकटला. नेमक्या पिसांवर मीटर धर, तिथून दोन स्टॉप खाली ये आणि त्याला तिसऱ्या पायरीवर बसव." हे ते इतक्या मायेनं सांगतात की पक्ष्याला पाट मांडून द्यावासा वाटतो.

नवखा पोरगा वहीत लिहून घेतो : काळा पक्षी, उणे. आणि सिंहगड व्हॅलीत सकाळी सकाळी निष्पर्ण फांदीवर कोतवाल बसलेला दिसतो. मागे पांढरंफटक आभाळ. पोरगा आज्ञाधारकपणे उणे एक लावतो. काकांना कुजबुजत ओरडण्याची कला साधलेली आहे. "अधिक! अरे, अधिक दीड!"

"पण काका, तुम्हीच म्हणालात…"

"तेव्हा फ्रेम पक्ष्यानं भरली होती. आता आभाळानं भरलीय. मीटर आभाळ बघून दिपलाय, तो अंधार करणार आणि तुझा कोतवाल त्यात बुडणार. पक्षी केवढा आणि मागे काय, ते आधी बघ. मग चाक फिरव."

एव्हाना कोतवाल उडालेला असतो. पोरगा हिरमुसतो, काका नाही. कोतवाल फोटोग्राफरची सोय बघणारा पक्षी आहे. हवेतच किडा धरतो आणि जुन्या खातेदारासारखा पुष्कळदा त्याच खिडकीशी, म्हणजे त्याच फांदीवर, परत येतो. तो येईपर्यंत काका दोन पावलं डावीकडे सरकलेले असतात. मघाशी नुसती काळी असलेली पाठ आता निळसर-हिरवी झळाळते. ही झळाळी एकट्या रंगद्रव्याची नाही, पिसाच्या बारीक रचनेची आहे. उजेड कुठल्या कोनातून पडतो आणि आपण कुठे उभे आहोत, त्यावर ती दिसते किंवा दिसत नाही. मग काका डोळ्याकडे वळतात. काळ्या चेहऱ्यात गडद तांबूस डोळा. त्यात उजेडाचा टिपका आला नाही तर तो आहे की नाही तेच कळत नाही. आणि चोचीच्या मुळाशी मोहरीएवढा पांढरा ठिपका. पाठ बुडू द्यायची नाही, ठिपका जळू द्यायचा नाही. एवढ्यासाठी काका श्वास रोखतात, आणि त्यांच्याबरोबर आम्हालाही रोखायला लागतो.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर तर त्यांच्या बोटीत बसायला कुणी तयार होत नाही. सगळ्यांच्या लेन्स रोहितांकडे वळलेल्या, तर काका नावाड्याला सांगणार, "जरा त्या खुंटाकडे घे."

"सायेब, पाणकावळा हाय त्यो. पैशाला पासरी."

"त्याची पाठ बघितलीस कधी?"

नावाडी बघतो. पंख वाळवत बसलेल्या मोठ्या पाणकावळ्याच्या पाठीवर ब्राँझची छटा आणि तिथल्या प्रत्येक पिसाला काळी किनार असते, डोळा हिरवागार. मागे पाणी चमकतंय, म्हणून काका पुटपुटत अधिक एक करतात. तोवर रोहितांचा थवा उडून पलीकडच्या काठाला गेलेला असतो. कुणी धुसफुसलंच तर काकांचं उत्तर तयार : "रोहित कसेही काढले तरी गुलाबीच येतात. त्यात तुमचं काय?"

हे सगळं रानात राहिलं असतं तर बरं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नव्या सुनेचे फोटो काढायला काकांनाच बोलावतात आणि बोलावणारी दरवर्षी पस्तावते. काळी चंद्रकळा, वर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. काकांच्या दृष्टीनं हा साक्षात दयाळाचा नर. "पांढरं एकदा जळलं की त्यातून काही परत मिळत नाही. काळ्यातलं रॉ फाइलमधून थोडंफार ओढून काढता येतं. म्हणून आधी हलवा सांभाळायचा," असं ते सुनेलाच समजावत असतात. वाण घेऊन बायका ताटकळतात. शेवटी काकू बाहेर येतात, "अहो, सून आहे ती, दयाळ नव्हे! बसू द्या तिला."

एका नातलगाच्या दहाव्याला घाटावर सगळे हात जोडून उभे होते. कावळा शिवेना. गेलेल्याची कुठली इच्छा राहिली, यावर दबक्या आवाजात चर्चा चाललेली. अखेर एक कावळा उतरला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि शेजारून काकांचा आवाज आला, "पांढरा भात, काळा कावळा, वर बाराचं ऊन. देवा रे, काय हे एक्स्पोजर!" कॅमेरा घरी होता. उजव्या हाताचा अंगठा मात्र हवेत चाक फिरवत होता.

हल्लीच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर त्यांचा राग आहे. त्यात फोटो उजळ येणार की काळपट, हे बटण दाबायच्या आधीच डोळ्यासमोर दिसतं. "उत्तर बघून गणित सोडवायचं, त्यात कसली मजा?" असं म्हणतात खरे, पण पुतण्याचा मिररलेस 'जरा बघायला' म्हणून घेतला की तो परत मिळायला संध्याकाळ होते.

गेल्या गणेशोत्सवात सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. लालभडक डोळ्यांचा कोकीळ. नांदूर मध्यमेश्वरचा वारकरी, कपाळावरचा पांढरा टिळा आणि मागचं काळं अंग दोन्ही शाबूत. कर्नाळ्याच्या पावसाळी अंधारात आयएसओ चढवून काढलेला शीळकरी कस्तूर, खांद्यावर निळा पट्टा घेतलेला. लोक आरतीनंतर प्रसाद घेत घेत भिंतीकडेनं फिरले. "सगळे कावळेच का हो?" असं तिघाचौघांनी विचारलं. काकांनी प्रत्येकाला तिसरी पायरी समजावली. प्रसाद संपला, लोक पांगले.

मग रात्रपाळीचा वॉचमन आला. बराच वेळ कोतवालापुढे उभा राहिला. "ह्यो आमच्या म्हशीवर बसल्याला जलमभर बघितला. चोचीपाशी ठिपका हाय, हे आज कळलं."

काकांनी तिथल्या तिथे फोटो खिळ्यावरून उतरवला आणि त्याच्या हातात दिला. तो नको नको म्हणत होता, पण बँकेत माणसाच्या सह्या घ्यायची सवय असलेल्या काकांपुढे कुणाचं चाललंय! तो जिन्यापर्यंत गेला तोच मागून हाक आली, "दारासमोर टांगू नका! काचेवर उजेड आला की काळं गेलंच म्हणून समजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनच्या केबिनमध्ये काका स्टुलावर उभे. हातात हातोडी, तोंडात खिळे. तो बिचारा दारात अवघडून उभा होता. काकू खाली स्टूल धरून भिंतीकडे डोळे बारीक करून बघत होत्या.

"थोडं डावीकडे घ्या," काकू म्हणाल्या. "काचेत तुमचं टक्कल चमकतंय. तिथे अधिक दोन झालंय."