आधी आपुलकी आटते

प्रत्येक कचेरीत एक माणूस असा असतो, की कुणाचं काही अडलं की पावलं त्याच्याच टेबलाकडे वळतात. नव्या पोरांना तो शिकवतो, चिडून आलेल्या ग्राहकाला खुर्ची देऊन शांत करतो, मार्चअखेरीला सगळ्यात शेवटी निघतो. मग काही महिन्यांत हाच माणूस तुटक बोलायला लागतो. ग्राहक आला की "आली कटकट" म्हणतो. मीटिंगमध्ये गप्प बसतो, विचारलंच तर "काय फरक पडणार आहे?" एवढंच. डबा एकटाच खातो. आणि कचेरी निकाल देऊन मोकळी होते: "हल्ली फार माज आलाय याला."

तो माज नव्हे. तो बर्नआउट असू शकतो, आणि आपल्याला तो दिसत नाही, कारण आपण फक्त थकवा शोधत बसतो.

थकलेला तर प्रत्येक जण आहे. डोंबिवलीहून उभ्यानं लोकलचा प्रवास करून येणारा कोण ताजातवाना असतो? पण साधा थकवा झोपेनं, सुट्टीनं, घरच्या चार दिवसांनी उतरतो. हा उतरत नाही. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो, पहाटे तीनला डोळे उघडतात आणि डोक्यात न पाठवलेला ईमेल असतो. पाठ दुखते, ॲसिडिटीच्या गोळ्या पाकिटासोबत खिशात येतात. तरीही माणूस कामावर जातोच, म्हणून कुणाला काही वाटत नाही.

या अवस्थेवरचा पहिला गाजलेला लेख 1974 सालचा. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथं मनापासून राबायला आलेले स्वयंसेवक काही महिन्यांत चिडचिडे, संशयी, कोरडे होताना त्यांनी पाहिले. कामचुकार माणसं नव्हती ती. जीव ओतणारी होती. पुढं ख्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये हे मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिचे तीन भाग आहेत: शक्ती संपणं, माणसांपासून मनानं तुटणं आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये आपल्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली ती याच तीन खुणांवर. संघटनेनं त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, नीट न हाताळलेला ताण हे त्याचं मूळ सांगितलं आहे. म्हणजे पत्ता कचेरीचा आहे, घरचा नाही.

मला यातली मधली खूण सगळ्यात महत्त्वाची वाटते. देण्यासारखं काही उरलं नाही की मन माणसांकडे पाठ फिरवतं, कारण प्रत्येक माणूस आणखी काहीतरी मागणार असतो. वर्गातल्या प्रत्येक पोराचं घर ठाऊक असलेल्या गुरुजींना आधी सर्वेक्षण दिलं, मग मतदार यादीचं काम, मग ॲपवर फोटो चढवण्याचं. आता त्यांना पोरं दिसत नाहीत, पटसंख्या दिसते. रुग्णाच्या उशाशी थांबणारी सिस्टर सलग रात्रपाळ्यांनंतर नातेवाइकांवर खेकसते, आणि नंतर स्वतःचीच लाज वाटून रडते. या माणसांना "वागणूक सुधारा" म्हणून मेमो देणं हा अन्याय आहे. ज्याला कामाची पर्वा नव्हती त्याचं असं होत नाही.

आणि आपले मोठे लोक काय सांगतात? 2023 मध्ये नारायण मूर्ती तरुणांना आठवड्याला 70 तास काम करा म्हणाले. 2025 च्या सुरुवातीला एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन 90 तासांवर गेले, रविवारीही काम करून घेता येत नाही याची त्यांना खंत होती. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मिळून प्रसिद्ध केलेला अंदाज दोघांनीही वाचावा. आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये, 35 ते 40 तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त आहे. ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी 1890 मध्ये रविवारची सुट्टी झगडून मिळवली, त्याच मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीचा प्रमुख ती सुट्टी परत मागतो, याचा मला संताप येतो.

2024 च्या जुलैत पुण्यात 26 वर्षांची एक सनदी लेखापाल गेली. नोकरीला लागून तिला चारच महिने झाले होते. कामाच्या ओझ्यानं मुलगी गेली, असं पत्र तिच्या आईनं कंपनीला लिहिलं, ते सप्टेंबरात देशानं वाचलं. कंपनीनं ओझ्याचा आरोप मान्य केला नाही. पण नंतर कामगार खात्यानं पाहणी केली, तेव्हा त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं समोर आलं. इतकी वर्षं तिथं कामाचे तास कोण मोजत होतं? शिवाय आपल्या राज्याच्या या कायद्यातून व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदं वगळलेली आहेत. पंचविशीतल्या पोराला 'मॅनेजर' म्हटलं की तासांची मर्यादा मागायला तो जाणार कुठं? त्यानंतर वर्षभरात, सप्टेंबर 2025 मध्ये, राज्य मंत्रिमंडळानं काय मंजूर केलं, तर दुकानं-आस्थापनांतला कामाचा दिवस 9 तासांवरून 10 तासांवर नेण्याची तरतूद.

कंपन्यांचा उपाय ठरलेला: शुक्रवारी चारला योगवर्ग, तणावमुक्तीवर व्याख्यान, भिंतीवर हसरे चेहरे. योगाशी माझं भांडण नाही. पण मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी कामातली सहा दुखणी सांगितली आहेत: भार जास्त, स्वतःच्या कामावर ताबा नाही, केल्याचं चीज नाही, सहकाऱ्यांत सलोखा नाही, न्याय नाही, आणि मनाला न पटणारं करावं लागतं. बँकेच्या काउंटरवरच्या क्लार्कला पेन्शन न्यायला आलेल्या आजोबांच्या गळ्यात विमा मारायला लावतात, तेव्हा त्याचं सहावं दुखणं प्राणायामानं कसं बरं होणार? टार्गेट कमी करा. रिकाम्या जागा भरा. रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप ग्रुप बंद ठेवा. रजेवर गेलेल्याला फोन करू नका. याला व्याख्याता लागत नाही.

ज्याला हे वाचताना स्वतःचं काही ओळखीचं वाटलं, त्यानं दोन गोष्टी कराव्यात. डॉक्टरांकडे जावं, कारण थायरॉइड, रक्तक्षय किंवा नैराश्यही असंच दिसू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. आणि घरात एका तरी माणसाला खरं सांगावं. बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416 या क्रमांकावर, फुकट, रात्रीसुद्धा.

साहेबांसाठी मात्र वेगळं सांगणं आहे. लवकरच मूल्यमापनाचे कागद तुमच्यापुढे येतील. "दृष्टिकोन नकारात्मक" असा शेरा लिहायला पेन उचलाल, तेव्हा त्या माणसानं किती रजा बुडवल्या, किती रात्री थांबला आणि त्याच्या शेजारची किती पदं तुम्ही भरलीच नाहीत, ते आधी काढून पाहा. मग तो शेरा त्याच्या नावापुढं लिहू नका, स्वतःच्या खात्याच्या नावापुढं लिहा.