एक ते चार, पणजी

माझी आत्या चाळीस वर्षं सदाशिव पेठेत लोकर, बटणं आणि नाड्या विकत होती. विकत होती म्हणजे लोकांना घेऊ देत होती. दुकान दुपारी एकला बंद. एक वाजून एक मिनिटानं आलेल्या गिऱ्हाइकाला अर्ध्या शटरखालून फक्त आत्याच्या चपला दिसत, आणि त्याही वळून आत जाताना. गेल्या वर्षी तिनं शटर कायमचं ओढलं आणि म्हणाली, "आता दुसऱ्यांची दुकानं बघायची." म्हणून तिला पणजीला नेलं. समुद्रावर नाही. समुद्राला गल्ला नसतो, त्यामुळे आत्याला त्यात रस नाही.

सकाळी कॅफे टाटोत शिरलो. टेबलं कमी, माणसं जास्त. त्यामुळे आमच्या समोर काळा कोट घातलेले एक वकील येऊन बसले, तेही न विचारता. आत्यानं मनातल्या मनात शंभरातले पन्नास गुण तिथंच कापले. मग भाजी आली. वाटीत पिवळसर रस्सा, वर तेलाचा पातळ तवंग, तळाशी वाटाणे. सोबत पोई, म्हणजे कोंडा लावलेला, पोटात पोकळी असलेला पाव. आत्यानं ती फाडली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हिच्यात काही भरायचं विसरलेत का?" वकिलांनी पेपरातून मान वर न काढता आपली पोई रश्श्यात बुडवून दाखवली. कोर्टात इतका थोडक्यात युक्तिवाद कुणी करत असेल असं वाटत नाही. आत्यानं दुसरी वाटी मागवली.

तिथून चर्चकडे. पांढऱ्या जिन्यांचं ते चर्च सिनेमात इतक्यांदा येऊन गेलंय, की आत्यानं ओळखीच्या माणसाला करतात तशी नुसती मान हलवली. तिथली घंटा मूळची जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातली. मठ ढासळला, घंटा इथे आली. "म्हणजे सेकंडहँड," आत्या म्हणाली, पण आदरानं; चांगला माल मोडीत जाऊ न देणं तिला पटतं. समोरच्या कोपऱ्यावर सिंगबाळांचं पुस्तकांचं दुकान. तिथे तिनं एक कोकणी शब्दकोश अर्धा तास उभ्यानं वाचला आणि परत जागेवर ठेवला. स्वतःच्या दुकानात असं करणाऱ्याला तिनं स्टूल न देता हाकललं असतं. इथे मात्र, "बघू देतात, चांगले लोक आहेत."

चांगले लोक एक वाजेपर्यंत टिकले.

आम्ही फोंताइन्यश या जुन्या वस्तीत शिरलो आणि गल्लीतलं एकेक दार लागायला लागलं. आत्याच्या यादीत सात दुकानं होती. पहिल्याला कुलूप. दुसऱ्याचं शटर आमच्या डोळ्यांदेखत खाली आलं आणि शेवटच्या वीतभर फटीतून एक चपलांची जोडी आत वळताना दिसली. मी आत्याकडे बघायचं टाळलं. तिसऱ्या दारातल्या बाईंनी मात्र प्रेमानं सांगितलं, "बंद आसा, बाय. जेवण जालें?"

"भर दुपारी दुकान बंद?" आत्या मला म्हणाली. "धंदा करायचा की झोपा काढायच्या?"

मी काही बोललो नाही. कुटुंबात सलोखा हवा असतो.

सगळ्या वस्तीत आम्ही दोघं आणि एक मांजर एवढेच जागे, त्यात मांजराचं नक्की नव्हतं. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं उन्हात चमकत होती. एका जुन्या खिडकीत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवले होते. आत्यानं जवळ जाऊन ते बटणवाल्याच्या नजरेनं तपासले आणि "दोन भोकं पाडली की झालं" असा अभिप्राय दिला. रस्त्याचं नाव ३१ जानेवारी. मी म्हटलं, कुणाचा तरी वाढदिवस असेल. तो निघाला १८९१ साली पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरात फसलेल्या उठावाचा दिवस. एका दारावर 'फोटो काढू नयेत' अशी पाटी होती. तिच्यापुढे आत्या बराच वेळ उभी राहिली. "शब्द कमी पडलेत," ती म्हणाली, "पण वळण चांगलं आहे."

शेवटी एक नव्या धर्तीचं कॅफे उघडं सापडलं. दाढीवाल्या मुलानं सेरादुरा सुचवलं; थर दिलेली साय आणि बिस्किटांचा चुरा. नावाचा अर्थ काय, असं आत्यानं विचारलं. "लाकडाचा भुसा," तो हसत म्हणाला. आत्यानं किंमत वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि भुसा चाटूनपुसून संपवला.

साडेतीनला फरश्यांचं दुकान उघडलं. पांढऱ्या चकचकीत फरशीवर निळ्या रंगानं हातानं लिहायचं, मग भट्टीत भाजायचं. पणजीतल्या कितीतरी घरांची नावं अशा फरश्यांवर आहेत. ह्यांना अझुलेजो म्हणतात. मी आत्याला माहिती पुरवली, की अझुल म्हणजे पोर्तुगीजमध्ये निळा, त्यावरून हे नाव. मालक आजोबांनी चष्मा पुसत सांगितलं, की शब्द मुळात अरबी, अर्थ घासून गुळगुळीत केलेला लहान दगड. "ह्याला शाळेतही असंच व्हायचं," आत्या म्हणाली.

मग तिनं ऑर्डर दिली. घराचं नाव नको, जहाज नको, कोंबडा नको. कागदावर सुवाच्य अक्षरात मजकूर लिहून दिला: 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये.'

आजोबांनी तो दोनदा वाचला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"चार? आमी साडेतीनांक उगडटात. तुमी पुणेकार खूब न्हिदतात!"

चाळीस वर्षांत आत्यानं कुणाला नाडीच्या गुंडीवर चार आणे सोडले नव्हते. तिनं कागद परत घेतला, पेन मागितलं, आणि बराच विचार करून अर्धा तास कमी केला.