कोणाचो रे तू?

पेडण्यात अनोळखी पोर दारात आलं की मावशी त्याचं नाव विचारत नाही. "कोणाचो रे तू?" एवढंच. बापाचं नाव कळलं की तिला घर, वाडा आणि आजोबांची भांडणं, सगळं आपोआप कळतं. जावास्क्रिप्टही नेमकं हेच विचारते, हे मला मावशीसमोरच कळलं, तेही फजिती होऊन.

दहीकाल्यासाठी, म्हणजे आमच्या दशावतारी नाटकाच्या रात्रीसाठी, मी त्यातल्या पात्रांचं वेबपान बनवलं होतं. चित्रावर टिचकी मारली की पात्राने "मी संकासूर" म्हणायचं. कुठलं काम करायचं ते बटणावरून ठरणार, म्हणून ओळ लिहिली: संकासूर[काम](). चाललं. मग मला सुबकपणाची हुक्की आली. 'बोल = संकासूर[काम]' असं वेगळं काढलं आणि खाली नुसतं 'बोल()' ठेवलं. मावशीने टिचकी मारली. पडद्यावर उमटलं: मी अनडिफाइंड.

"हो कोण? काल नाटकात नाशिल्लो!"

घोळ असा की फंक्शनमधलं 'धिस' म्हणजे आपलं 'मी'. साध्या फंक्शनचं 'मी' लिहिताना ठरत नाही, हाक मारताना ठरतं. टिंबाच्या किंवा चौकटी कंसाच्या डावीकडे जो उभा, त्याचं ते. माझ्या 'बोल()'च्या डावीकडे कुणीच नव्हतं. रात्रीचा संकासूर सकाळी डिचोलीच्या बसमध्ये तिकीट काढतो, तेव्हा त्याच्या 'मी'ला एकही पोर दचकत नाही, तसंच हे.

दोष कुणाला द्यावा? ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये ही भाषा दहा दिवसांत उभी केली. आमच्याकडे तेवढ्या दिवसांत चतुर्थीच्या माटोळीला काय बांधायचं हेही ठरत नाही.

औषधं नंतर आली. 'कॉल' आणि 'अप्लाय' हाक मारतानाच मालक सांगतात. 2009 च्या आवृत्तीतलं 'बाइंड' मुकुट कायमचा बांधतं. दुसऱ्याने पुन्हा बांधायला घेतला तरी पहिला सुटत नाही. 2015 मधली बाणाची फंक्शनं तर अस्सल पेडणेकर! मुंबईत जावोत की दुबईत, जिथे लिहिली तिथलंच 'मी' घेऊन फिरतात.

मी मावशीला तिन्ही औषधं समजावली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मागीर आदलें किदें वायट आशिल्लें?"

आता पानावर पहिलीच ओळ आहे: संकासूर[काम]().