डबल स्टँडचे गृहस्थ

दुचाकी थांबली की पडते आणि ती पडू नये म्हणून तिला जे लोखंडी पाय दिलेले असतात त्यांना स्टँड म्हणतात, एवढे शास्त्र सर्वांना ठाऊक आहे. परंतु स्कूटरला असे स्टँड दोन असतात आणि त्यांपैकी कोणता लावायचा याचा निर्णय चालकाला दिवसातून अनेकदा, कोणाचाही सल्ला न घेता, उभ्या उभ्या करावा लागतो, या गोष्टीकडे समाजाच्या अभ्यासकांचे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. डाव्या अंगाचा एकच पाय खाली करून त्यावर गाडी कलती सोडून दिली की तो साइड स्टँड होय. पोटाखालची दोन पायांची चौकट दाबून गाडी ताठ उभी केली की तो मेन स्टँड, आणि पुण्यातील पार्किंगवाल्यांच्या तोंडी तोच 'डबल स्टँड'. प्रसंग पाहून दोन्ही वापरणारी माणसे समाजात बहुसंख्य असतात आणि त्यामुळेच व्यक्तिचित्राच्या दृष्टीने ती कुचकामी ठरतात. येथे विचार करावयाचा आहे तो दुधाची पिशवी घेण्यापुरते थांबले तरी डबल स्टँड लावणाऱ्या गृहस्थांचा.

हा गृहस्थ ठाणे, नाशिक, सांगली अशा सर्वच गावांत आढळत असला तरी त्याची दाट वस्ती पुण्यात, विशेषतः जुन्या पेठांतून कोथरूडकडे राहायला गेलेल्या कुटुंबांत आहे. वयाने तो साठीच्या अलीकडे-पलीकडे असतो, त्याच्या डिकीत पिवळे फडके, पावसाळी टोपी आणि गाडीच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या असतात, आणि गाडी लावणे ही क्रिया तो उरकत नाही, पार पाडतो. इंजिन बंद केल्यावर तो गाडीच्या डाव्या बाजूस उतरतो, डावा हात हँडलवर आणि उजवा हात सीटमागच्या दांडीवर ठेवतो, उजव्या पायाच्या चवड्याने स्टँडचा खटका हळूच दाबून चौकटीचे दोन्ही पाय जमिनीला एकाच वेळी टेकले आहेत की नाहीत हे गाडी किंचित डावी-उजवीकडे हलवून अजमावतो, आणि खात्री पटली की आपले सगळे वजन त्या एका पायावर टाकतो. शंभर किलोंहून जड गाडी तरफेच्या नियमाने अल्लद मागे सरकून उभी राहते. हे काम हातांनी उचलून करू पाहणारा मनुष्य त्याच्या लेखी अडाणी असतो, कारण गाडी उचलायची नसते, तिला आपल्या वजनाने चढू द्यायची असते, हे तत्त्व तो कळत्या वयाच्या प्रत्येक नातेवाइकाला एकदा तरी सांगून चुकलेला असतो. त्यानंतर हँडल लॉक होते, लॉक खरोखर बसले का हे हँडल ओढून पाहिले जाते, दोन पावले चालून गेल्यावर मागे वळून एक कटाक्ष टाकला जातो, आणि मग दुधाची पिशवी मागितली जाते. दूध बहुधा तोवर संपलेले असते.

या वृत्तीचे मूळ स्वभावात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे अधिक फलदायी ठरते. बजाज ऑटोचा इटलीच्या पिआजिओ कंपनीशी असलेला परवान्याचा करार 1971 मध्ये संपला आणि पुढल्याच वर्षी महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करून चेतक रस्त्यावर आली. तो काळ परवान्यांचा होता. कारखाना पुण्याच्या शेजारी आकुर्डीला असूनही पुणेकराला स्कूटर मिळत नसे, तिच्यासाठी नाव नोंदवावे लागे आणि नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नाव नोंदवले तेव्हा पाळण्यात असलेले मूल स्कूटर दारात येईपर्यंत पुढे उभे राहून हँडल धरण्याजोगे झालेले असे. अशा रीतीने घरात आलेल्या वस्तूला कोणी भिंतीला टेकून किंवा एका पायावर लंगडत ठेवील हे शक्यच नव्हते. शिवाय त्या स्कूटरचे इंजिन उजव्या बाजूला असल्याने तिचा तोल मुळातच एकांगी होता आणि मधला स्टँड हाच तिचा खरा आधार असे. साइड स्टँड पुष्कळांनी नंतर दुकानातून बसवून घेतला, तोही शेजाऱ्याने बसवला म्हणून. आजच्या डबल स्टँडच्या गृहस्थाने गाडी लावण्याचे प्राथमिक शिक्षण वडिलांच्या अशा स्कूटरवर घेतलेले असते, आणि तेव्हा स्टँड सुटून गाडी आडवी झाली तर त्या शिक्षणाचा दुसरा टप्पाही लगेच उरकला जात असे.

पुढे 1984 मध्ये पुण्याच्याच कायनेटिकने होंडाच्या साथीने बिनगियरची, बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर आणली, 2001 मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली, आणि त्यानंतर काही वर्षांत जुन्या चेतकचे उत्पादन थांबले. स्कूटर मागताक्षणी मिळू लागल्यावर तिच्याशी वागण्याची रीतही पालटली. नवी पिढी स्कूटर दारात चपलेसारखी सोडते. ती कलती आहे की सरळ हे पाहण्याचे तिला कारण उरलेले नाही. ज्याला नोंदणी आणि प्रतीक्षा ठाऊक आहे त्याचा मात्र अजूनही मनोमन असा समज असतो की ही गाडी पडली तर दुसरी मिळायला नऊ वर्षे लागतील.

डबल स्टँडच्या गृहस्थाविषयी सर्वांत त्रासदायक गोष्ट ही की शास्त्र त्याच्या बाजूने आहे. बिनगियरच्या स्कूटरमध्ये सेंट्रिफ्यूगल क्लच असतो, म्हणजे इंजिनाचा वेग वाढल्यावरच चाकाशी जोडला जाणारा क्लच. त्यामुळे इंजिन बंद झाले की मागचे चाक मोकळे होते, आणि चेतक जशी पहिल्या गियरमध्ये अडकवून ठेवता येत असे तशी ही गाडी ठेवता येत नाही. साइड स्टँड मागच्या दिशेने मिटतो, म्हणून उताराकडे तोंड करून लावलेली गाडी जराशी पुढे सरकली की स्टँड आपणहून मिटतो आणि गाडी लोळण घेते. जूनच्या चिखलात तो एकटा पाय रुतत जातो, मे महिन्यात तापलेल्या डांबरात तेच घडते, आणि तिन्ही ऋतूंत ओळीतली पहिली कलती गाडी शेजारणीच्या अंगावर गेली की शेवटच्या गाडीपर्यंतचा सगळा प्रपंच कोसळतो. इंजिनातल्या तेलाची पातळीसुद्धा गाडी मेन स्टँडवर सरळ असतानाच बरोबर कळते. हे सारे खरे आहे, आणि ते तो पेट्रोल पंपापासून मुंजीच्या पंगतीपर्यंत कोठेही, विचारल्याशिवाय, सांगू शकतो. साइड स्टँडने गाडीची चौकट वाकते असेही तो त्यातच मिसळून सांगतो. त्याला आधार काय हे विचारण्याचे धैर्य अद्याप कोणी दाखवलेले नाही.

गर्दीच्या जागी तर त्याला राजाश्रयच मिळतो. कलती गाडी जास्त रुंदी खाते, ताठ गाड्या खेटून लावता येतात, म्हणून मंडईजवळच्या किंवा नाट्यगृहाच्या वाहनतळावर शिट्टी वाजवणारा इसम "डबल स्टँड, डबल स्टँड" असा पुकारा करीत फिरतो. तो पुकारा कानी पडताच आपल्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जो प्रसन्न भाव उमटतो तो पुढे सुरू होणाऱ्या नाटकाच्या तीन अंकांत क्वचितच पुन्हा दिसतो. शेजारी एखादी तरुणी हँडबॅग, हेल्मेट आणि स्टँड यांच्याशी एकाच वेळी झगडत असली की "थांब बेटा, पाय इथे, वजन टाक" असे म्हणत तो पुढे होतो; तिची गाडी लावून देतो, मग तिच्या पलीकडच्याचीही लावून देतो, आणि पहिली घंटा होते तेव्हा सौभाग्यवती दोन तिकिटे हातात घेऊन पायरीवर एकट्या उभ्या असतात.

या सौभाग्यवतींचा स्वतंत्र अभ्यास होणे अगत्याचे आहे. साइड स्टँडवर मागचा मनुष्य निवांत उतरू शकतो. डबल स्टँडवाल्याच्या पत्नीला गाडी थांबण्याच्या सुमारास, भाजीच्या दोन पिशव्यांसह, अगोदर उतरून बाजूस व्हावे लागते, आणि परतताना गाडी धडकन स्टँडवरून खाली आल्यावरच बसावे लागते. "अहो, मी कोथिंबीरच घेणार आहे" हे वाक्य या घरांत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला आता विनंतीचा अर्थ राहिलेला नाही. मुलाने तर वडिलांची गाडी वापरायला घेणेच सोडलेले असते, कारण ती परत आणून लावल्यावर रात्री साडेदहा वाजता वडील चप्पल घालून खाली जातात आणि पुन्हा एकदा लावून येतात.

महाराष्ट्रातील रस्त्यांवर अनोळखी माणसाने अनोळखी माणसाचे भले चिंतण्याचे प्रसंग विरळा, त्यांतला एक म्हणजे साइड स्टँड खाली राहिलेला असताना कोणी निघाला की चहूबाजूंनी उठणारी "काका, स्टँड! ताई, स्टँड!" ही आरोळी. डावीकडे वळताना खाली राहिलेला स्टँड जमिनीला घासून चालकाला फेकू शकतो, हे सर्वांना माहीत असते, आणि म्हणून रिक्षावाल्यापासून शाळेच्या बसमधल्या मुलापर्यंत जो तो आपला पाय हलवून खूण करतो. अलीकडच्या अनेक स्कूटरमध्ये स्टँड खाली असेपर्यंत इंजिन सुरूच होत नाही, त्यामुळे ही लोककला हळूहळू अस्तास जाईल असे दिसते. आपला गृहस्थ मात्र एवढ्या आरोळीवर थांबत नाही. डबल स्टँड विसरून कोणालाही निघता येत नाही, हा मुद्दा तो समोरच्याला पटवून देऊ लागतो, आणि तो पूर्ण होण्याआधी सिग्नल सुटतो.

असा गृहस्थ सहकारी गृहरचना संस्थेचा सचिव होणे अटळ असते, आणि सचिव झाल्यावर तळमजल्यावर "सर्व सभासदांनी आपापल्या दुचाकी डबल स्टँडवरच लावाव्यात" अशी पाटी लागणेही. शहाबादी फरशीवर प्रत्येक जागी स्टँडच्या दोन पायांचे तांबूस डाग पडतात. त्या डागांवरच पाय यावेत असा त्याचा तोंडी आग्रह असतो. मात्र कालांतराने उजवा गुडघा कुरकुरू लागतो आणि डॉक्टर त्या पायावर एकदम वजन टाकायला मनाई करतात. काही दिवस रखवालदाराला "जरा हात लाव रे" म्हणून भागते, रखवालदार गावी गेला की गाडी टाकीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कोणी पाहत नाही अशा बेताने, एका पायावर लावली जाते, आणि पुढच्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत पाटीखाली दोन ओळी वाढवण्याचा ठराव सचिवांकडूनच येतो. वय वर्षे 65 पूर्ण केलेल्या सभासदांस, वैद्यकीय प्रमाणपत्र सादर केल्यास, भिंतीकडील बाजूस साइड स्टँड वापरण्याची मुभा राहील. मात्र स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवणे बंधनकारक असून सदर तुकडा सचिवांकडून सही करून घ्यावा व सकाळी परत करावा.